गळती, पाझर की स्थलांतर?

खाडीकाठ: मंडळी अडलोय. आमच्या रत्नागिरीच्या वाचनालयात शनिवारी कार्बन साठवणीच्या कायद्यांवर बोलायचंय म्हणून युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशातली (डायरेक्टिव्हमधली) चार कलमं (कायद्याची, हापूसची नव्हे) मराठीत करतोय. जमिनीखाली भरलेला कार्बन डायऑक्साइड साठ्याच्या हद्दीबाहेर निसटला तर ते लीकेज, हद्दीतल्या हद्दीत सरकला तर मायग्रेशन. लीकेज झालं की कंपनीच्या मागे शुक्लकाष्ठ, म्हणून दोन्हीला गळती लिहून भागत नाही. मायग्रेशनला स्थलांतर लिहिलं तर बायको म्हणते, वायू काय मुंबईला चाललाय?

सुरंगी: 😄 गळती कौलातनं, पाझर भिंतीतनं. मायग्रेशनला पाझर चालेल की.

खाडीकाठ: पाझर बाहेर दिसतो हो ताई. नॉर्वेने उत्तर समुद्रातल्या स्लाइपनर वायुक्षेत्रात १९९६ पासून समुद्रतळाखालच्या वाळूच्या थरात वायू ढकलला, तो आतल्या आत वर चढत नऊ पातळ थरांत पसरला पण वरच्या झाकणखडकाबाहेर काही आला नाही. त्याला पाझर कसं म्हणू?

सुरंगी: मग उपळट! वेंगुर्ल्याला आमच्या माजघरात श्रावणात सारवलेल्या जमिनीतनं पाणी वर यायचं, बाबा शिडी लावून कौलं चाचपत बसायचे आणि आजी खालनं ओरडायची, अरे वर काय बघतोस, उपळट आहे ती.

जोशीमास्तर: उपळट म्हणजे वर आलंच की. ती गळती झाली. अंतःसरण आणि बहिःसरण असे दोन शुद्ध शब्द करा, प्रश्न मिटला.

बांगडाफ्राय: मास्तर, बहिःसरण ऐकून लोक ओआरएस घेऊन येतील. सरळ 'सरकणं' लिवा. आणि मला 'साठवण'च खटकते. साठवण म्हणजे पुढे काढून वापरायची वस्तू, आगोटीला सुकी मासळी भरतो ती साठवण. हा वायू परत कोण काढणारे? पुरणं म्हणा.

खाडीकाठ: मुद्दा बरोबर आहे. समुद्रात कचरा टाकण्यावर बंधनं घालणारा १९९६ चा लंडन प्रोटोकॉल आहे ना, त्यात २००६ ला दुरुस्ती करून हा वायू समुद्रतळाखाली सोडायला वाट दिली, पण कुठल्या यादीत? परवानगीने टाकता येईल अशा वस्तूंच्या! म्हणजे कंपनी साठवण म्हणते आणि कायदा अजून टाकणंच म्हणतो.

सुरंगी: बेगमी म्हणा 😀

जोशीमास्तर: बेगमी फारसी आहे, बे-गम, म्हणजे चिंता नसणे.

बांगडाफ्राय: मग तर मुळीच नको. युरोपच्या त्या निर्देशात साठा बंद केल्यावरही साधारण किमान २० वर्षं जबाबदारी कंपनीच्या गळ्यात, मग सरकारच्या. कसली बे-गम!

जोशीमास्तर: जबाबदारीसुद्धा फारसीच. उत्तरदायित्व लिहा.

बांगडाफ्राय: मास्तर, तुम्ही 'शाई' म्हणता ना? ती कुठली?

खाडीकाठ: अहो भांडू नका, निर्यातीचं सांगा. वायू दुसऱ्या देशात नेऊन पुरता यावा म्हणून लंडन प्रोटोकॉलमध्येच २००९ ला दुरुस्ती केली ती पुरेशा देशांच्या मंजुरीअभावी अडकली, म्हणून २०१९ ला तात्पुरती लागू करायची सोय काढली. पण 'कचऱ्याची निर्यात' लिहायला हात धजत नाही, निर्यात म्हटलं की पेटी डोळ्यासमोर येते.

सुरंगी: रवानगी!

जोशीमास्तर: रवानगीही फारसी.

खाडीकाठ: बरं. मायग्रेशन राहिलंय अजून.

बांगडाफ्राय: ताई, पण उपळट ती की ते? आमच्या देवगडात ते.