मदत हवी आहे : दर्शनी विटांची चार इंची भिंत फुगली आहे, काय करावे?

धागाकर्ता
ठिकाण जुळे सोलापूर. आरसीसी सांगाडा, 6 इंची ब्लॉकच्या भिंती आणि बाहेरून दर्शनी विटांची 4 इंची भिंत. पश्चिम बाजूला पहिल्या स्लॅबच्या पट्टीखाली आडवी चीर गेली आहे, ओळंबा लावला तर तिथे भिंत पाऊण इंच बाहेर येते. खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा, पावसात आतून ओल, बाहेर पांढरा खार. ठेकेदार म्हणतात, चिरा भरून वॉटरप्रूफ रंग मारू. मारावा का?

दरजा
रंग अजिबात नको. विटांतून पाणी आत जाणारच, ते परत बाहेर पडायला वाट हवी. तळाच्या थरात दर 2 फुटांवर एक उभा सांधा मोकळा सोडलेला आहे का? नसेल तर रंगाने ओल आतच कोंडेल.

आडव्या चिरेचं कारण वेगळं. भाजलेली वीट भट्टीतून निघाल्यापासून हवेतला ओलावा घेत किंचित वाढत राहते, काँक्रीटचा सांगाडा मात्र आकसतो. स्लॅबच्या पट्टीखालचा शेवटचा सांधा मालाने (सिमेंट-वाळूच्या मिश्रणाने) गच्च भरला की भिंत मधे दाबली जाते आणि फुगते. तिथे 10 मिमी फट ठेवून लवचिक सीलंट भरायचं असतं.

आधी फुगवट्याजवळच्या दोन विटा काढून मागचे टाय, म्हणजे दर्शनी भिंत मागच्या ब्लॉकच्या भिंतीला बांधून ठेवणारे धातूचे तुकडे, पाहा.

धागाकर्ता
पाहिलं. 6 मिमी गजाचे वाकवलेले तुकडे आहेत, गंजलेले, सांध्यात जेमतेम अर्धा इंच शिरलेले. दोन टायमध्ये 4 फुटांचं अंतर. मागची फट सांडलेल्या मालाने भरली आहे.

ओळंबा
मग ती भिंत जवळपास सुटीच उभी आहे. खालून ये-जा आजच बंद करा. टाय गंज न धरणारा हवा, आडवं 2 फूट, उभं 16 इंच, सांध्यात किमान दीड इंच शिरलेला. खिडकीभोवती कडेपासून 1 फुटाच्या आत जादा टाय लागतात.

पण टायआधी पाया बघा. आपल्याकडे काळी माती. दर्शनी भिंत प्लिंथ बीमवर (जोत्याच्या पातळीवरच्या आरसीसी तुळईवर) न घेता बाजूला फूटभर पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) ओतून उभी केली असेल, तर ती पावसाळ्यात उचलते, उन्हाळ्यात खचते. कोपऱ्यात खड्डा खणून खात्री करा. तिरक्या चिरा खाली रुंद की वर, तेही मोजा. खिडकीवरच्या विटा पेलणाऱ्या लोखंडी अँगलला दोन्ही बाजूंनी 4 इंच टेकू आहे ना, गंजून फुगला नाही ना, हेही तपासा.

पाया पक्का निघाला तर फुगलेला पट्टा वरून खाली थराथराने उतरवा, आधी टेकू देऊन. उरलेल्या भागात पीळदार स्टेनलेस टाय ड्रिलने बसवता येतात, मात्र ब्लॉकमध्ये त्यांची पकड आधी खेचून तपासून घ्या. पायाच हलत असेल तर टायवर पैसे घालू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

दरजा
पुन्हा बांधताना 1 इंच फट स्वच्छ ठेवा. फटीत लाकडी पट्टी ठेवून ती थरागणिक वर ओढली की माल खाली पडत नाही.