कथेतलं यंत्र गाण्यावर चालतं, तेव्हा ते नेमकं काय ऐकतं?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

गाण्यावर उडणारं यान, ठरावीक धून वाजवली की उघडणारा दरवाजा, समूहगानाने उजळणारं शहर. विज्ञानकथांत आणि व्हिडिओ गेममध्ये अशी यंत्रं वरचेवर भेटतात आणि मला ती मनापासून आवडतात. पण त्यातली बरीचशी मध्येच गडगडतात. कारण एकच. संगीत हे त्या यंत्राचं इंधन आहे की सुकाणू, हे लेखकाने ठरवलेलंच नसतं.

माझं मत असं, की इंधन म्हणून संगीत चालत नाही. सुकाणू म्हणून मात्र झकास चालतं.

कान दुखायला लावणारा १२० डेसिबलचा आवाज म्हणजे दर चौरस मीटरला फक्त १ वॅट. भर दुपारचं ऊन तेवढ्याच जागेवर सुमारे १००० वॅट ओततं. साध्या बोलण्यातली ध्वनिशक्ती तर मायक्रोवॅटमध्ये मोजावी लागते. आपला कान विलक्षण तल्लख आहे म्हणून गाणं आपल्याला एवढं भव्य वाटतं. शंभर गायकांनी जीव तोडून गायलं तरी त्यावर यान सोडाच, साधी इस्त्रीही धड तापणार नाही.

सुकाणूला शक्ती लागत नाही, खूण लागते. १९७७ च्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' या चित्रपटात माणसं पाच स्वरांतून परग्रहावरच्या यानाशी बोलू लागतात. त्या स्वरांतून कुणी वीज काढत नाही, म्हणून ते पटतं.

तर मंडळी, संगीतावर चालणारं यंत्र रचायचं झालं तर त्याने हा नियम पाळावा का? माझं उत्तर 'हो' आहे. विरोधी मतं हवीच आहेत.

उल्का

असहमत, आणि ठामपणे असहमत.

वॅट मोजायला बसलात की दीपक राग गाऊन दिवे लावणारा तानसेन पहिल्या ओळीतच बाद होतो. ती आख्यायिका इतकी शतकं टिकली ती ऊर्जेचा हिशेब जुळला म्हणून? त्या रागाचा दाह गाणाऱ्याच्या अंगालाही होतो आणि तो शमवायला मल्हार गावा लागतो, हा तिचा जीव आहे. गाण्याची किंमत गाणाऱ्याला मोजावी लागते. काल्पनिक यंत्राकडून मला एवढंच हवं आहे. कुठे काय खर्ची पडलं ते दाखवा, मग वॅट कुठून आले हे मी विचारणार नाही.

आणि १९८२ च्या 'मॅक्रॉस' या जपानी मालिकेचं काय करणार? तिथे एका गायिकेच्या गाण्याने अख्खं शत्रू-आरमार डळमळतं. त्या योद्ध्यांच्या समाजात संगीतच नसतं. पहिल्यांदा गाणं कानावर पडल्यावर आपण लढतोय कशासाठी, हेच त्यांना उमजेनासं होतं. हे गाणं इंधनही नाही आणि सुकाणूही नाही. तुमच्या दोन खणांत ते बसतच नाही.

तारयंत्र

ऊर्जेच्या मुद्द्यावर धागाकर्त्याशी सहमत. पण सुकाणूचा मुद्दा तुम्ही समजता तितका भक्कम नाही. सुकाणूला खूणच लागत असेल, तर संगीत कशाला हवं? एक शिट्टी पुरते.

हे खरोखर घडलेलं आहे. १९५६ मध्ये झेनिथ कंपनीने टीव्हीसाठी बिनतारी रिमोट आणला. त्यात बॅटरी नव्हती. बटण दाबलं की आत एक चिमुकली हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची. दांडीतून माणसाला ऐकू न येणारा उंच स्वर निघायचा आणि टीव्ही तो ओळखून चॅनल बदलायचा. प्रत्येक कामाला वेगळ्या लांबीची दांडी, म्हणजे वेगळा स्वर. अगदी वाद्यासारखी रचना! पण किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी कधी कधी चॅनल बदलायचं, कारण त्या खुळखुळाटातही तोच स्वर असायचा.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या टेलिफोन यंत्रणेचं. २६०० हर्ट्झचा स्वर ऐकला की ती तार मोकळी झाली असं समजायची. लोकांनी खेळण्यातल्या शिट्टीतून तोच स्वर काढून फुकट फोन केले.

ही दोन्ही यंत्रं स्वरांवर चालत होती. संगीताशी दोघांचाही संबंध नव्हता. कथांतली बहुतेक 'संगीतयंत्रं' याच जातीची असतात. पाच स्वरांची धून वाजवली आणि दार उघडलं, तर तो पाच अंकी पासवर्ड झाला. त्यात बासरी असली काय आणि बटणं असली काय.

मंद्रसप्तक

@तारयंत्र, किल्ल्यांचं उदाहरण माझ्याच बाजूने वापरतो. ते यंत्र एकेकटा स्वर ऐकत होतं, म्हणून फसलं. कथेतल्या यंत्राने स्वरांमधलं नातं ऐकावं.

भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. कोणते स्वर लागले एवढंच मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखेच. पण भूपाचा जीव गंधारात (ग) आणि देशकाराचा धैवतात (ध). देशकार वरच्या अंगाने फिरतो, धैवतावर पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. भूपाला धैवतावर जास्त रेंगाळू दिलं की देशकाराची छाया पडते. आता कल्पना करा, एक दार देशकाराला उघडतं आणि भूपाला आणखी घट्ट बंद होतं. समोरच्या माणसाला पाचही स्वर माहीत आहेत. कुठे थांबायचं हे माहीत नाही. हा पासवर्ड नव्हे, कारण तो कागदावर लिहून चोरता येत नाही.

@उल्का, मॅक्रॉसमध्ये गाणं माणसांवर परिणाम करतं, यंत्रावर नाही. तो विषय वेगळा.

गवसणी

मी गाणं शिकवते, म्हणून देशकाराच्या दारापाशी थांबले. उदाहरण सुरेख आहे. ते दार मात्र मला नको आहे.

पहिली अडचण तांत्रिक. त्या दाराचा सा कुठला? गाणारा आपल्या गळ्याला सोयीचा सा धरतो. ठरावीक हर्ट्झ मागणारं यंत्र अर्ध्या गायकांना बाहेरच ठेवेल. वाद्य वापरायचं म्हटलं तरी सुटका नाही. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि बासरी चढते. हवेचं तापमान १५ अंशांवरून ३५ वर गेलं, तर सा आणि कोमल रे यांच्यात जेवढं अंतर आहे, त्याच्या निम्म्याहून अधिक फरक पडतो. म्हणजे भल्या पहाटे उघडणारं दार भर उन्हात त्याच बासरीला दाद देणार नाही. (कथालेखकांनो, हे वापरा. यातून एक अख्खं प्रकरण निघेल.) तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार आणि पियानोवर लावलेला गंधार यांतही कानाला जाणवण्याइतकं अंतर असतं. यंत्राला यातला खरा कुठला वाटणार?

सा गाणाऱ्याकडूनच घ्यावा, नातीच मोजावीत, असं तुम्ही म्हणाल. ते जमेलही. दुसरी अडचण मोठी आहे. राग ओळखणारं दार म्हणजे परीक्षक. त्याला नियम पाठ आहेत. पण मोठा कलावंत नियमाच्या कडेवर उभा राहून गातो. भूप गाताना धैवतावर क्षणभर जास्त थांबतो, आता देशकारात जाणार अशी हुरहूर लावतो आणि अलगद गंधारावर परततो. त्या एका क्षणासाठी लोक जागा सोडत नाहीत. तुमचं दार नेमकं त्या क्षणी बंद होणार! मग त्या जगातल्या गुरूंना शिष्यांना काय शिकवावं लागेल? दार उघडण्यापुरतं गाणं. माझ्या मते अशा तंत्रज्ञानाने त्या जगातलं संगीत दोन पिढ्यांत सुकून जाईल, आणि हे दाखवणारी कथा मला वाचायला आवडेल.

उल्का

@गवसणी, +१००.

@मंद्रसप्तक, 'तो विषय वेगळा' म्हणून सुटता येणार नाही. संगीताचा परिणाम माणसावर होतो हाच तर मूळ विषय आहे. यंत्रावर त्याचा परिणाम का व्हावा, याचं उत्तर माणसातूनच यायला हवं.

आणि इंधनाचा मुद्दा इतक्या लवकर निकालात काढू नका. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एक उष्माध्वनी इंजिन मांडलं. बंद नळीत दाबाखाली भरलेला वायू, एका बाजूला उष्णता, आणि आत इतका प्रबळ ध्वनी तयार होतो की त्यातून काम करून घेता येतं. दिलेल्या उष्णतेपैकी ३० टक्के ध्वनीत उतरली होती. त्या भागात हलणारा दट्ट्या नाही, हलतो तो फक्त वायू. म्हणजे ध्वनी हा इंजिनाचा चालता अवयव होऊ शकतो. गाणाऱ्या नळ्यांचं जहाज कल्पनेत आणायला एवढा आधार मला पुरे आहे.

तारयंत्र

इंजिन खरं आहे, पण त्याचं इंधन उष्णता. आणि ती नळी एकच स्वर धरून बसते. त्याला गाणं म्हणवत नाही.

निःशब्द

सगळी चर्चा वाचली. एक माणूस कुणाच्याच बोलण्यात आला नाही. ज्याला ऐकू येत नाही तो.

शहराची दारं, दिवे, वाहनं सुरांवर चालत असतील तर बहिऱ्या माणसाने त्या शहरात राहायचं कसं? ज्याचा आवाज आजारपणात गेला आहे त्याने? ज्याला जन्मापासून सूर ओळखता येत नाही त्याने? अशी माणसं कथेत असलीच तर दयेपुरती असतात, नाहीतर शेवटी चमत्काराने गाऊ लागतात. दोन्हींचा मला राग येतो.

संगीत फक्त कानाचं आहे हे कुणी ठरवलं? एव्हलिन ग्लेनी ही स्कॉटिश तालवादक लहानपणीच जवळजवळ बहिरी झाली. ती अनवाणी वाजवते, कंपनं अंगाने टिपते, आणि जगभरच्या वाद्यवृंदांबरोबर तिने वाजवलं आहे. क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाने १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कडेला व्हायोलिनचा गज फिरवला होता. वाळू न थरथरणाऱ्या रेषांवर गोळा झाली आणि स्वर डोळ्यांना दिसला. स्वर बदलला की नक्षी बदलते. मग कथेतलं दार वाळूची नक्षी का बघत नाही? तळव्यांनी दिलेला ठेका का ओळखत नाही? ज्याला ऐकू येत नाही, त्याला कदाचित ते यंत्र इतरांपेक्षा जास्त कळेल, कारण बाकीचे गाण्यात गुंतले असताना तो कंपनं वाचत असेल.

मंद्रसप्तक

@निःशब्द, वाळूचं दार माझ्या देशकाराच्या दारापेक्षा सरस आहे. फक्त क्लाडनीच्या पत्र्यावर प्रत्येक नक्षीला ठरावीक कंप्रता (दर सेकंदाची कंपनं) लागते, म्हणजे गवसणींची सा ची अडचण तिथे दुप्पट होईल. पत्रा ज्याचा त्याने आपल्यासोबत आणायचा, असं केलं तर?

@गवसणी, परीक्षक नको, हे पटतं. नियम मात्र मी सोडणार नाही. नियमच नसेल तर लेखक अडला की कुणीतरी गाणार आणि संकट टळणार. तशा कथेत गाण्याला काही किंमत उरत नाही.

गवसणी

नियम ठेवा, पण तो दाराने एकट्याने ठरवू नये. तबलजी गायकाचा निकाल देत नाही. तो ठेका धरतो, गायक लय वाढवतो तसा वाढवतो, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दोघं भेटतात. कधी तबलजीही असं काही वाजवतो की गायकाला वाट बदलावी लागते. तुमचं यान तसं असू द्या. गाणारी तान घेईल, यान तिला जवाब देईल, आणि दोघांची सम चुकली तर यान भरकटेल. मग ते बिघडलं, की ती थकली होती, की त्याला दुसरीकडेच जायचं होतं, हे तुम्ही लिहा. पत्रा ज्याचा त्याने आणायची कल्पना मात्र घट्ट धरून ठेवा. प्रत्येकाचा पत्रा वेगळा, म्हणजे प्रत्येकाचा सा वेगळा, आणि दाराला दर वेळी नव्याने ऐकावं लागेल.