झरीनांच्या 'घर'पाशी पाय अडले

प्रश्न: चित्रकार झरीना हाश्मींची 'होम इज अ फॉरेन प्लेस' (१९९९) ही मालिका प्रदर्शनात पाहिली. ३६ काष्ठठसे, म्हणजे लाकूड कोरून छापलेली चित्रं; प्रत्येकावर एक उर्दू शब्द. 'घर'पाशी पाय अडले. चित्रात नुसता घराचा आराखडा, काळ्या रेघांचा. आमचं कोकणातलं घर गेल्या वर्षी विकलं. पण त्यांचं घर तर अलिगढचं! मग माझा गळा का दाटला?

उत्तर १: आराखडा पायांना कळतो. अंधारात माजघरातून पडवीत जाताना आपण कुठे चाचपडतो? त्यांची 'डिव्हायडिंग लाइन' (२००१) जरूर बघा. फाळणीची रेघ. भोवतालचं लाकूड कोरून काढलंय, रेघ तेवढी उरलीय. मला ती खपलीसारखी दिसते.

उत्तर २: शब्द नस्तालिकमध्ये, उर्दूच्या त्या वळणदार लिपीत आहेत, तेही बघा. देश सुटला तरी लिपी हातात राहिली.

प्रश्नकर्ती: 'माजघर' वाचलं आणि सारवलेली गार जमीन तळव्यांना लागली. उद्या आईला घेऊन जाते.