पोरापुढे ‘माझं चुकलं’ म्हणावं की नाही?

टिप्परवाला_डिचोली
आमच्या घरात यावरून दोन तट पडलेत, म्हणून विचारतोय.

गेल्या चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) अंगणातला टिप्पर, म्हणजे खनिज वाहायचा ट्रक, भंगारात दिला. 2011 मध्ये नोकरी सोडून, कर्ज काढून घेतलेला. वर्षभर बरा चालला. मग 10 सप्टेंबर 2012 ला गोवा सरकारने खाणी थांबवल्या, चवथ नऊ दिवसांवर होती. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खनिज वाहतूकही बंद केली. गाडी दारात, हप्ता डोक्यावर.

त्याच जूनमध्ये मुलगा पाचवीत गेलेला. चौथीपर्यंत मराठी शाळा, कायम पहिल्या तिघांत. पाचवीत सगळं इंग्रजीतून आणि पहिल्याच चाचणीत विज्ञानात 20 पैकी 4. मी म्हटलं, आळस. टीव्ही बंद, क्रिकेट बंद, दोनदा पट्ट्याने मारलं. ‘एक गाडी दारात उभी, दुसरा तू’ असं म्हणालो होतो म्हणे. मला आठवत नाही, बायकोला आठवतं.

भंगारवाल्याने केबिनची सीट उचकटली तर मागून वही निघाली. माझ्या नजरेआड अभ्यास करायला पोरगा उभ्या टिप्परात जाऊन बसायचा, हे मला बारा-तेरा वर्षांनी कळलं. पानापानावर इंग्रजी शब्द आणि वर पेन्सिलीने मराठीत उच्चार. एका ठिकाणी ‘इव्हॅपोरेशन = ?’ आणि खाली ‘सरांना विचारणे’. चौथीत या पोराला बाष्पीभवन तोंडपाठ होतं. ओले कपडे कसे वाळतात, मिठागरात मीठ कसं धरतं, सगळं घडाघडा सांगायचा. ही दोन्ही एकच, एवढं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना त्याला म्हटलं, ‘तेव्हा माझं चुकलं.’ तो स्टुलावर उभा राहून आंबाड्यांचा घोस बांधत होता. खाली न बघता म्हणाला, ‘जालें तें जालें. दोरी घट धर.’ आमचे वडील पाटाजवळ बसून ऐकत होते. ‘बापायन पुताक सॉरी म्हणप?’ म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तर सांगा, कोणाचं बरोबर?

पेडण्याचा_मास्तर
तुमच्या वडिलांचं. 34 वर्षं प्राथमिक शाळेत काढलीत, म्हणून अधिकाराने बोलतो. आजकाल आईबाप ऊठसूट सॉरी म्हणतात. डब्यात भाजी तिखट झाली, सॉरी. पोराला मग कळतच नाही की घरात शेवटचा शब्द कोणाचा. तुमचा मुलगा आता मोठा आहे, त्याला म्हणालात ते एक वेळ ठीक. पण लहान मुलापुढे बाप चाचपडताना दिसला, तर पोर रात्री झोपायचं कोणाच्या भरवशावर?

शिवाय यात तुमची चूक कुठे? 1990 पासून वीसेक वर्षं प्राथमिकला अनुदान मराठी-कोकणीलाच होतं, आणि पाचवीत पोर थेट इंग्रजीत. मधला पूल कोणी बांधलाच नाही. त्याचं ओझं एकट्या बापाने का उचलावं?

फोंड्याची_आई
मास्तर, पूल नव्हता हे खरं. पण पट्टा सरकारने नव्हता मारला.

भाजीवरून माफी मागणारे आईबाप मलाही आवडत नाहीत. म्हणून काय मारल्याची मागायची नाही? माझ्या थोरलीची वही मी चोरून वाचली होती. तिने पकडलं तेव्हा म्हणाले, ‘चुकलं, पण तुझ्या काळजीनेच वाचली ना!’ तिने वर्षभर मला काही सांगितलं नाही. मधला तो ‘पण’ नडला. दुसऱ्यांदा नुसतं ‘चुकलं’ म्हटलं आणि वहीच्या कपाटाची किल्ली तिच्या हातात दिली. बोलणं हळूहळू सुरू झालं. धाक कमी झाला का? अजून साडेसातला घरी येते.

दोन_टिप्पर_सांखळी
विषय थोडा बाजूला जाईल, पण भाऊ, टिप्पर घेतला ही चूक नव्हे हो. 2011 मध्ये डिचोली-सांखळीत जो तो गाडी घेत होता. बँक कर्ज द्यायला तयार, खाणवाले फेऱ्या द्यायला तयार. खाणी एका रात्रीत बंद होतील हे कोणाला ठाऊक होतं? ते दुर्दैव. चूक बघायची तर माझी बघा. एप्रिल 2014 मध्ये कोर्टाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, आणि मी दुसरी गाडी घेतली. एकदा भाजलेला माणूस! फेब्रुवारी 2018 मध्ये खाणींची 88 लीज रद्द झाली, मार्चात पुन्हा सगळं ठप्प. पहिल्या गाडीला मी नशीब म्हणतो. दुसरीला बायको जे म्हणते ते इथे लिहिता येत नाही.

सांगायचा मुद्दा, निकाल वाईट लागला म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही. आधी हे वेगळं करा, मग माफीचं बघा.

टिप्परवाला_डिचोली
मान्य. गाडीसाठी मी माफी मागितलीच नाही कोणाची. हप्त्याचा राग पोरावर काढला, त्याची मागितली. खाणी सुरू असत्या तर 20 पैकी 4 बघून मी शिकवणी लावली असती, पट्टा काढला नसता. हे लिहायलाही बरं वाटत नाही.

पुण्यातला_गोंयकार
मुलाच्या बाजूने कोणीच बोलत नाहीये, म्हणून मी. माझ्याही बाबांनी माफी मागितली होती, अकरावीत बळजबरीने सायन्सला घातल्याबद्दल. मी बारावीत गटांगळ्या खाऊन शेवटी कॉमर्सला आलो, दोन वर्षं गेली. गेल्या वर्षी फोनवर रडले. आणि मला काय करावं लागलं? त्यांना समजवावं लागलं. ‘असूं दी बाबा, कांय जालें ना.’ झालं होतं की! पण बाप रडत असताना ते बोलणार कसं? माझा राग तिथेच गिळला, तो अजून घशात आहे. हलके ते झाले, मी नाही.

माफी मागा, पण लगेच उत्तराकडे डोळे लावून बसू नका. तुमच्या मुलाने ‘दोरी घट धर’ म्हटलं, याचा अर्थ त्याने माफ केलं असा मी तरी लावणार नाही. त्याला तेव्हा बोलायचं नव्हतं, एवढाच.

फोंड्याची_आई
हे मला सुचलंच नव्हतं. पण मग तुझ्या बाबांनी गप्प राहायला हवं होतं का?

पुण्यातला_गोंयकार
तेही नको. फोनवर नको, एवढं म्हणतो. समोर बसून, आणि मला चिडायला जागा ठेवून.

पेडण्याचा_मास्तर
बघा, आता माफी कशी मागावी याचेही नियम निघाले. म्हणूनच म्हणतो, जुनी माणसं शहाणी होती. आमचे वडील कधी चुकलं म्हणाले नाहीत. ज्या दिवशी विनाकारण मारायचे त्या संध्याकाळी बाजारातून खाजें (जत्रेतला गोड खाऊ) आणायचे आणि न बोलता उशाशी ठेवायचे. आम्हाला कळायचं.

ती वही मात्र डोक्यातून जात नाही. चौथीच्या पालकांना मीच सांगत आलो, ‘काळजी करू नका, पाचवीत आपोआप जमतं.’ पुष्कळांना जमलंही. ज्यांना जमलं नाही ते मला सांगायला परत कशाला येतील? शेवटची पाच-सहा वर्षं मे महिन्यात चौथीच्या मुलांना घरी बोलावून दोन रकाने लिहून घ्यायचो. डावीकडे बाष्पीभवन, अपूर्णांक, खंड. उजवीकडे इंग्रजी शब्द. जेमतेम दीडशे शब्द. पंधरा दिवसांचं काम. ते आधीच्या अठ्ठावीस वर्षांत का सुचलं नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. माफीबिफी मी मागत नाहीये. सांगतोय फक्त.

दोन_टिप्पर_सांखळी
मास्तर, हे खाजेंच ठेवलंत उशाशी!

टिप्परवाला_डिचोली
सगळ्यांचं वाचलं. पुण्याच्या मुलाचं दोनदा वाचलं. माझा मुलगा आता वेर्ण्याच्या एका कारखान्यात आहे, शनिवारी येतो. मी विषय काढणार नाही. वही त्याच्या टेबलावर ठेवली आहे, बस्स.

एक राहिलं. धाकटी 2015 मध्ये पहिलीत जायची होती. भावासारखे हाल नकोत म्हणून बायकोने हट्ट धरला आणि तिला सरळ इंग्रजी प्राथमिकात घातलं. शाळेत कधी अडली नाही. पण चवथीला आरती म्हणताना मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत बघून म्हणते, आणि आजोबांनी पुढे केलेलं जुनं पुस्तक बोट ठेवून ठेवून वाचते. एक खड्डा चुकवताना दुसऱ्यात गाडी घातली म्हणायची.

काल हे सगळं तिला दाखवलं. दोन परिच्छेदांवर दमली, बाकीचं मला वाचून दाखवावं लागलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, ‘आनी म्हजी माफी केन्ना?’ माझी माफी कधी, म्हणे.

अजून उत्तर दिलेलं नाही.