हरभऱ्यावर पहिली फवारणी बीटीची करावी का?

कोरडवाहू_परभणी
मंडळी, घाटे अळीचे दिवस आलेत. माझं मत सरळ सांगतो : हरभऱ्यावर पहिली फवारणी बीटीचीच हवी. बीटी म्हटलं की आपल्याकडं सरकीची पिशवीच डोळ्यापुढं येते. मी बोलतोय ते बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूच्या पावडरीबद्दल. त्यात प्रथिनाचे स्फटिक असतात. अळीनं पान खाल्लं की तिच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळतात, तिथली विकरं त्यांना कापून विषारी करतात आणि ते विष आतड्याच्या पेशींना चिकटून भोकं पाडतं. काही तासांत खाणं बंद, मरण दोन-तीन दिवसांनी. आपलं जठर आम्लधर्मी, शिवाय ते चिकटायला लागणारी जागा आपल्या आतड्यात नाही. मधमाशी, ढालकिडा, क्रायसोपा असे मित्रकीटक सगळे वाचतात. मग पहिल्याच फेरीला जहाल औषध कामून मारायचं?

बोंडअळीनं_गांजलेला
दादा, हे कीर्तन आम्ही 2002 ला ऐकलंय, याच जिवाणूचं जनुक घातलेली बीटी कपाशी आली तेव्हा. 2006 ला दोन जनुकांचं वाण आलं. आणि 2017 ला? डोमकळ्या, म्हणजे न उमलता मिटून राहिलेली फुलं, उघडून बघावीत तर प्रत्येकीत गुलाबी अळी, बाहेरून धडधाकट दिसणारं बोंड फोडलं तर आत सरकी पोखरलेली. प्रथिन त्याच कुळातलं. अळीनं पचवलं. आता हरभऱ्यातल्या अळीलाही सवय लावायची का?

कोरडवाहू_परभणी
पचवलं ते गुलाबी अळीनं, आणि त्याला कारणं आहेत. तिचं सगळं बिऱ्हाड कपाशीवर. पिशवीसोबत नॉन-बीटीचं 120 ग्रॅमचं पाकीट मिळायचं, किती जणांनी पेरलं? वर डिसेंबरनंतरही फरदड ठेवायची, म्हणजे जादा वेचणीसाठी जुनं पीक तसंच उभं. त्यात आपल्याकडं सगळं संकरित वाण, म्हणून एकाच बोंडातल्या काही सरकीत विष असतं, काहीत नसतं. अळीला थोडं-थोडं चाखत सरावायला याहून सोयीचं काय? घाटे अळी म्हणजे कपाशीवरची तीच हिरवी बोंडअळी. ती तूर, हरभरा, टोमॅटो सगळ्यावर जगते. बिनविषाच्या रानातले तिचे पतंग येऊन मिसळत राहिले, म्हणून तिच्यात प्रतिकार इतका पसरला नाही.

बोंडअळीनं_गांजलेला
मग स्वतःच्याच तोंडानं सांगितलंस की! बिनविषाचं रान म्हणजे हाच हरभरा आणि तूर. तिथंही तेच प्रथिन मारायचं म्हणतोस. ज्या फांदीवर बसलास तीच तोडायला निघालास.

कोरडवाहू_परभणी
मुद्दा बरोबर आहे, पण मापात घे. कपाशीत विष हंगामभर झाडातच असतं. फवारणीचं विष उन्हात काही दिवसांत संपतं. एकदाच मारायचं आणि पुढची फेरी एचएएनपीव्हीची घ्यायची. तो घाटे अळीला रोग लावणारा विषाणू आहे, त्याचा मार्गच वेगळा.

कृषीसेवा_हिंगोली
दुकानदार म्हणून दोन गोष्टी. गिऱ्हाईक सकाळी येऊन म्हणतं, "अळी अजून हलतीय, पैसे परत करा." अळी खात नाही हे त्याला दिसत नाही, हलतीय एवढंच दिसतं. दुसरं, माल पत्र्याच्या शेडमध्ये तापलेला असेल तर पावडरीतला जोर निघून जातो. तारीख बघून घ्या, कोवळ्या अळ्यांवर मारा, ऊन उतरल्यावर मारा. हरभऱ्याची आणखी एक अडचण. पानांवर आंब, म्हणजे आंबट दव, असते ना, पहाटे हात लावला की बोटं आंबट होतात. त्या आम्लानं बीटीची धार कमी होते, हे प्रयोगांतही दिसलंय. म्हणून कपाशी-टोमॅटोवरचा अनुभव हरभऱ्याला जशाच्या तसा लावू नका. मी विकतो, तरी सांगतो.

तुतीवाला_बीड
एवढा वेळ गप्प बसून वाचत होतो. "मधमाशी वाचते" म्हणालात, माझ्या रेशीम अळीचं काय? ती पण अळीच. 1901 साली जपानमध्ये इशिवाता यांना हा जिवाणू सापडला तो रेशीम किड्यांच्या रोगातच. शेजाऱ्यानं वाऱ्यात फवारलं आणि तसला तुतीचा पाला माझ्या शेडमध्ये आला, तर चौथा मोल्ट, म्हणजे चौथ्यांदा कात टाकणं, पार केलेली बॅच लुळी पडून मरते. अंडीपुंज, चॉकीचा म्हणजे कोवळ्या अळ्या वाढवण्याचा खर्च, घरच्यांची रात्रपाळी, सगळं पाण्यात. जालन्याच्या कोष बाजारात काय घेऊन जाऊ? "नैसर्गिक" हा शब्द ऐकला की लोक निर्धास्त होतात, त्याचीच मला भीती वाटते. रासायनिक मारताना शेजारी निदान विचारून तरी जातो.

कोरडवाहू_परभणी
अण्णा, तुतीच्या बांधाला लागून बीटी नकोच, हे मान्य. तिथं थेट एचएएनपीव्ही घ्यावं. तो घाटे अळीपुरताच आहे, रेशीम अळीला त्याचा उपद्रव नाही. बाकी रानात माझं मत कायम.

तुतीवाला_बीड
एचएएनपीव्हीचं पटलं. बाकी रानात मारणार असाल तर आदल्या दिवशी गावच्या ग्रुपवर टाका आणि वारा माझ्याकडं असेल तर थांबा. एक दिवसाचा पाला मी तोडून ठेवू शकतो, त्यापुढं सुकतो, अळ्या तोंड लावत नाहीत.

बोंडअळीनं_गांजलेला
मला काही पटलेलं नाही. हरभऱ्यात ज्वारीचे दाणे टाकलेत, कणसावर पाखरं बसतात आणि अळ्या वेचतात. नर पतंगांना वासानं ओढणारे कामगंध सापळे लावलेत. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या तरच औषधाचा डबा उघडायचा. यंदा अजून उघडलेला नाही.

कृषीसेवा_हिंगोली
अशानं माझं दुकान बंद पडंल भाऊ 😄 पण बरोबर आहे. आधी मोजा, मग या.