मदत हवी आहे: चांदीपुरा विषाणूचे एम प्रथिन पेशीत दिसतच नाही

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी चांदीपुरा विषाणूच्या एम (मॅट्रिक्स) प्रथिनावर काम करते आहे. हा १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला विषाणू. आपल्याकडची लेकरं याने गेलीत, म्हणून विषय हट्टाने हाच घेतला.

त्याच्या कुळातल्या व्हीएसव्ही (व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस, जनावरांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या) विषाणूचं एम प्रथिन केंद्रकाच्या छिद्रापाशी आरएई-१ आणि न्यूप-९८ या पेशीच्याच प्रथिनांच्या जोडीला जाऊन चिकटतं. पेशीचा एमआरएनए (प्रथिन बनवायचा जनुकाचा निरोप) मग आतच कोंडला जातो आणि इंटरफेरॉनचा (विषाणूशी लढणाऱ्या प्रथिनाचा) निरोप बाहेर पोचत नाही. विषाणूचा कारभार पेशीद्रवातच चालतो, त्यामुळे त्याचं काही अडत नाही. चांदीपुराचं एम प्रथिनही ही वाहतूक अडवतं.

अडचण अशी. एम प्रथिनाला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडून त्या एम-जीएफपीचा प्लाझमिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं) हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी पेशींत) घातला. ४८ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ अंधारच. एखाद्या पेशीत केंद्रकाभोवती हिरवी बारीक कड दिसते, तीही फिकट. शेजारच्या डिशमध्ये नुसत्या जीएफपीच्या पेशी मात्र लख्ख! तीनदा केलं, तेच.

मला वाटतं, प्लाझमिडचा एमआरएनए केंद्रकातच बनतो, म्हणून एम प्रथिन स्वतःचीच वाट बंद करतंय. हे बरोबर आहे का? तयार एमआरएनए थेट पेशीद्रवात सोडून कुणी पाहिलंय का? आणि व्हीएसव्हीत एम प्रथिनातलं ५१व्या जागचं मेथिओनिन हे अमिनो आम्ल बदलून आर्जिनिन केलं की ही अडवणूक सुटते, तर चांदीपुरात त्या तोडीची जागा नेमकी कशी ओळखायची?

पुढच्या आठवड्यात पेशी पुन्हा लावायच्या आहेत. ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी कृपया सांगा.