आशियाई खेळांत फुटबॉलचे दोन संघ आणि एकच फूटपट्टी

मधली फळी:

आशियाई खेळ जवळ आले की आपल्याकडे एक वाद ठरलेला: फुटबॉलचा संघ पाठवायचा की नाही. नियम असा की सांघिक खेळात आशियातल्या पहिल्या 8 मध्ये असाल तरच जायचं. 2018 ला जाकार्ताच्या वेळी याच नियमावर बोट ठेवून ऑलिम्पिक संघटनेने पुरुष आणि महिला, दोन्ही संघांना घरी बसवलं. हांगझोच्या वेळी, 2023 मध्ये, पुन्हा तीच गत होणार होती. पुरुष संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांनी पंतप्रधानांना खुलं पत्र लिहिलं, चाहत्यांनी गदारोळ केला आणि जुलैच्या अखेरीस क्रीडा मंत्रालयाने नियम शिथिल करून दोघांनाही परवानगी दिली.

माझं म्हणणं असं की ही फूटपट्टी दोघांना सारखी लावणंच मुळात चूक आहे, कारण दोघे एकच स्पर्धा खेळत नाहीत. पुरुषांचं फुटबॉल 2002 पासून 23 वर्षांखालचं आहे, सोबत फक्त तीन मोठ्या वयाचे खेळाडू चालतात. (हांगझो एक वर्ष पुढे ढकललं गेलं म्हणून तिथे ही मर्यादा 24 केली होती.) महिलांना अशी वयाची अट नाही, तिथे देशाचा वरिष्ठ संघच उतरतो. म्हणजे मुलांच्या वयोगटाच्या संघाला आपण मोठ्यांच्या फिफा क्रमवारीवरून नापास करतो, आणि मुलींची आशिया चषकानंतरची सगळ्यात मोठी स्पर्धा त्याच ओघात बुडते. पुरुषांना आशिया चषक आहे, विश्वचषकाची पात्रता फेरी आहे, आयएसएल (इंडियन सुपर लीग) आहे. महिलांकडे वर्षाकाठी मोजके सामने. पैसे एकाच संघापुरते असतील तर महिलांचा संघ आधी पाठवा, असं मी स्पष्ट म्हणतो.

आणि हांगझोत त्या कुठे लाज आणून आल्या? चायनीज तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवान) दुसरा हाफ सुरू होताच अंजू तमांगने गोल करून आघाडी मिळवून दिली होती. शेवटच्या वीसेक मिनिटांत दोन गोल खाल्ले आणि 1-2 हरलो. थायलंडशी 0-1. तीन संघांचा गट, त्यामुळे दोन सामन्यांत खेळ आटोपला. पण दोन्ही सामने शेवटपर्यंत जिवंत होते.

उजवा बॅक:

भावना पोचली, पण 2014 चं इंचॉन विसरू नका. तिथे महिला संघ गेला होता. मालदीवला 15-0 हरवलं आणि नंतर दक्षिण कोरियाकडून 0-10, थायलंडकडून 0-10. अशा सामन्यातून कुणी काय शिकतं? नव्वद मिनिटं आपल्याच पेनल्टी क्षेत्रात चेंडू बाहेर मारत राहायचं, याला अनुभव म्हणायचं असेल तर म्हणा.

नियम एक असावा आणि सगळ्यांना असावा. पहिल्या 8 मध्ये येण्यासाठी इतर सांघिक खेळांचे खेळाडू राबतात, ज्यांना जमत नाही ते गपगुमान घरी बसतात. फुटबॉलचे चाहते जास्त, म्हणून त्यांच्यासाठी मंत्रालय वाकणार. मग कबड्डी किंवा व्हॉलीबॉलवाल्याने उद्या विचारलं तर त्याला काय सांगणार? पैसा जनतेचा आहे. महिला असोत की पुरुष, आधी मैदानावर दाखवा आणि मग विमानात बसा.

रंकाळा फॉरवर्ड:

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं, त्यामुळे 'फुटबॉलचे चाहते जास्त' हा जणू दोष असल्यासारखं बोललेलं मला चालत नाही.

पण माझा विरोध मधली फळी यांनाही आहे. 'एकच पाठवायचा तर महिलांचा' हे कशासाठी? आपल्या फुटबॉलने या देशाला जे काही मोठं दिलं ते याच स्पर्धेत, पुरुषांनी दिलं. 1951 ला दिल्लीत मेवालालच्या गोलवर इराणला 1-0 हरवून सुवर्ण. 1962 ला जाकार्तात अख्खं स्टेडियम विरोधात ओरडत असताना दक्षिण कोरियावर 2-1. प्रशिक्षक रहीम साहेबांनी डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगला बचावातून काढून आघाडीला लावला. एक गोल पी. के. बॅनर्जीचा आणि दुसरा या जर्नेलचा. 1970 ला बँकॉकमध्ये कांस्य. त्यानंतर पदक नाही हे मान्य, पण म्हणून दारच बंद करायचं?

23 खालची स्पर्धा म्हणजे दुय्यम, हे तर अजिबात पटत नाही. दक्षिण कोरियाने 2018 ला मोठ्या वयाच्या तीन खेळाडूंमध्ये कोण आणला होता? सॉन ह्युंग-मिन. सुवर्ण मिळालं तर सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते, म्हणून तिथले खेळाडू जीव टाकून खेळतात. आपल्या विशीतल्या पोरांना असा संघ समोर मिळणार कधी? आयएसएलमध्ये परदेशी खेळाडूंच्या गर्दीत बाकावर बसून?

हांगझोत चीनकडून 1-5 हरलो, त्यावर सगळे हसले. तो संघ आदल्या संध्याकाळी तिथे उतरला होता. आयएसएलचा हंगाम तोंडावर, क्लब खेळाडू सोडायला तयार नाहीत (फिफाच्या तारखांत ही स्पर्धा बसत नसल्याने त्यांच्यावर बंधन नव्हतं), त्यामुळे जमेल तसा संघ गोळा केला. तरीही गोलरक्षक गुरमीतने पेनल्टी अडवली आणि हाफ टाईमच्या तोंडावर राहुल के. पी.ने गोलरेषेजवळून, जिथून क्रॉस देतात तिथून, सरळ गोलात मारला. मध्यंतराला 1-1 होतं. नंतर पाय गळाले. पण ही पोरं बांगलादेशला हरवून, म्यानमारशी बरोबरी करून बाद फेरीत गेली आणि तिथे सौदीकडून 0-2 हरली. दोष पाठवण्यात नव्हता, पाठवण्याच्या पद्धतीत होता.

शिट्टी:

मी जिल्हा पातळीवर मुलींना शिकवते, त्यामुळे थोडं वेगळं सांगते.

उजवा बॅक, 0-10 चे सामने तुम्ही पुढे केलेत, तर त्याआधीचंही बघा ना. 1983 ला आशियाई महिला स्पर्धेत भारत उपविजेता होता. शांती मलिकला त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला. मग घसरण का झाली? सामनेच नव्हते म्हणून. आशियाई खेळांत महिला फुटबॉल 1990 ला आलं, आपण पहिल्यांदा गेलो 1998 ला आणि त्यानंतर थेट 2014 ला. मध्ये 2009 मध्ये तर अशी वेळ आली की दीड वर्ष एकही सामना न खेळल्यामुळे फिफाने आपल्या संघाचं नावच क्रमवारीतून काढलं. खेळायला न पाठवता क्रमवारी मागायची आणि क्रमवारी नाही म्हणून खेळायला पाठवायचं नाही. या चक्रातून मुलींनी सुटायचं कसं?

आता खालचं चित्र सांगते. माझ्या मुलींना मैदान मिळतं ते मुलांचे संघ यायच्या आत, भर उन्हात. साडेचार वाजले की आखलेल्या रेषेबाहेर मुलं उभी राहून 'ताई, झालं का?' विचारतात आणि आम्ही सरावाचे प्लास्टिकचे कोन गोळा करतो. स्टडचे बूट सगळ्यांकडे नाहीत. बदली खेळाडू आत जाताना बाहेर येणारीचे बूट घालून जाते आणि पंच तोवर थांबतात. दहावी झाली की आई-वडील विचारतात, पुढे काय? माझ्याकडे उत्तर असतं रेल्वे, नाहीतर पोलीस. या घरांना 'आशियाई खेळ' हे दोन शब्द कळतात. राष्ट्रीय लीग त्यांना कळत नाही, आशिया चषक कळत नाही. टीव्हीवर तिरंगा धरून चालणाऱ्या खेळाडूंत फुटबॉलची मुलगी दिसली, की त्या घरात आणखी दोन वर्षं मागून घेता येतात.

म्हणून मला पुरुष आधी की महिला आधी या भांडणात पडायचंच नाही. पण दोघांना बाद करणारा नियम मुलींना जास्त लागतो, हे तुम्ही मान्य करायला हवं.

उजवा बॅक:

ताई, मैदानाचं जे सांगितलंत त्यावर दुमत असायचं कारण नाही. ते बदलायलाच हवं. पण त्यावरचा इलाज आशियाई खेळ आहे का, एवढाच माझा प्रश्न.

उदाहरण आपल्याच संघाचं घ्या. जुलै 2025 मध्ये चिआंग माईत थायलंडला त्यांच्याच मैदानावर 2-1 हरवून महिला संघ आशिया चषकाला पात्र ठरला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ज्या थायलंडने 0-10 चोपलं होतं, जो दोन विश्वचषक खेळून आलाय, तो संघ. मला स्वतःला त्या दिवशी फार आनंद झाला. पण 2014 नंतर 2025 पर्यंत आशियाई खेळांतले आपले सामने किती? हांगझोचे दोन. एवढी मजल त्या दोन सामन्यांनी मारली का? मुलींची राष्ट्रीय लीग सुरू झाली, पुढे तिचे सामने घर आणि बाहेर अशा पद्धतीने व्हायला लागले, काही मुली परदेशी क्लबांत खेळल्या, त्याचं हे फळ आहे.

दक्षिण आशियाई खेळांचंही तेच. 2010 ढाका, 2016 शिलाँग, 2019 पोखरा, तिन्ही वेळा महिलांनी नेपाळला हरवून सुवर्ण आणलं. पुरुष 2016 ला गुवाहाटीत त्याच नेपाळकडून अंतिम सामना हरले आणि 2019 ला गेलेच नाहीत. तीन सुवर्णांनंतर महिला फुटबॉलचं काय बदललं? पेपरात चार ओळी आल्या. पदकाने जे झालं नाही ते साखळीत हरून होईल?

मधली फळी:

दक्षिण आशियाई खेळांत स्पर्धाच पातळ होती, म्हणून फरक पडला नाही. समोरचा संघ तोडीस तोड असेल तर अशा खेळांमधून काय होतं, ते व्हिएतनामकडे पाहून कळेल. आग्नेय आशियाई खेळांत त्यांच्या मुलींनी 2017 ते 2023 सलग चार सुवर्णं जिंकली. तिथलं सरकार या खेळांतल्या पदकांना फार मोठं मानतं, त्यामुळे महिला संघाची शिबिरं लांबलचक चालतात. हाच संघ 2023 चा विश्वचषक खेळला. फिलिपिन्सने त्याआधीच्या वर्षी याच खेळांत कांस्य घेतलं, तेही 1985 नंतर पहिल्यांदा, आणि विश्वचषकात यजमान न्यूझीलंडला त्यांच्या प्रेक्षकांसमोर 1-0 हरवलं. विश्वचषकाच्या तयारीला या देशांना प्रादेशिक खेळांचा हातभार लागला.

आणि चिआंग माईचा मुद्दा माझ्या बाजूचा आहे. 2014 ला 0-10, 2023 ला त्याच थायलंडशी 0-1, 2025 ला 2-1. मधला 0-1 काढून टाकलात तर उडी अचानक वाटेल. त्या मुलींना कळलं की थायलंड आपल्या आवाक्यात आहे, ते हांगझोत कळलं. 2018 ला गेलो असतो तर कदाचित आधीच कळलं असतं.

आकडेमोड:

दोन्ही बाजू एक गोष्ट धरून चालल्यात की महिलांच्या स्पर्धेत सगळे आपला सर्वोत्तम संघ आणतात. तसं नाही. हांगझोत जपानने विश्वचषकातल्या बहुतेक खेळाडूंना विश्रांती दिली होती. त्या दुसऱ्या फळीनेही अंतिम सामन्यात उत्तर कोरियाला 4-1 हरवलं, हा भाग वेगळा. तेव्हा 'महिलांची स्पर्धा अस्सल, पुरुषांची वयोगटाची' एवढी सरळ रेघ ओढता येत नाही.

मला निकष हवाच आहे, पण ज्याची स्पर्धा त्याचा निकष. पुरुषांसाठी 23 वर्षांखालच्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीतली कामगिरी बघा. वरिष्ठ संघ 97 वा आहे की 142 वा, याचा त्या पोरांशी संबंध काय? महिलांसाठी मागच्या दोन वर्षांतले पहिल्या दहा-बारा आशियाई संघांविरुद्धचे निकाल बघा, गोलफरकासकट. 0-10 असेल तर थांबा, 0-1 असेल तर जा. 8 हा आकडा सगळ्या सांघिक खेळांना सरसकट लावणं हा निव्वळ आळस आहे. फुटबॉल आशियात चाळीसहून जास्त देश खेळतात, काही सांघिक खेळांत दहा-बारा संघ जमवतानाही दमछाक होते. तिथलं आठवं स्थान आणि इथलं आठवं स्थान एक कसं?

रंकाळा फॉरवर्ड:

हे पटलं. फक्त त्यात क्लबांनी खेळाडू सोडायची अट लिहून घ्या. नाहीतर निकष पार करून पुन्हा आदल्या संध्याकाळी विमानतळावर उतरायचं.

शिट्टी:

गोलफरकाचा निकष मलाही चालेल. पण पहिल्या दहा-बारा संघांविरुद्ध मुलींचे सामने ठरवणार कोण? तिथेच गाडी अडते. पुरुषांना फिफाच्या तारखा रिकाम्या गेल्या की बोंब होते. मुलींच्या रिकाम्या गेल्या तर कुणाच्या लक्षातही येत नाही. वर्षाला निदान सहा सामने वरच्या आशियाई संघांशी व्हायलाच हवेत, असं फुटबॉल महासंघाकडून आधी लिहून घ्या आणि मग निकष लावा.

उजवा बॅक:

आकडेमोड यांचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, आठव्या स्थानाची तुलना मीही अशी मांडली नव्हती. तरी माझं मत नियमाच्या बाजूनेच राहील, फक्त तो खेळानुसार असावा. आणि ताईंची सहा सामन्यांची अट त्यात पहिली घाला. सामने दिले नाहीत तर महासंघाला जाब विचारा. सामने देऊनही 0-10 झालं, तर मात्र शेवटच्या आठवड्यात पंतप्रधानांना पत्र लिहायचं नाही.